'काही नाही गं, जाऊ दे' एवढं मात्र म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरगुती कार्यक्रम कसे साजरे करावेत यावर पानभर मजकूर आला होता, तो मी चष्मा पुसून पुसून दोनदा वाचला. फुगे कसे लावायचे, मुलांचे खेळ कुठले घ्यायचे, फोटोसाठी कोपरा कसा सजवायचा, गाण्यांची लिस्ट आधीच कशी करून ठेवायची, सगळं होतं. आणि आमच्या वयाच्या माणसांसाठी एक ओळ होती, ज्येष्ठांसाठी आरामदायी खुर्च्यांची सोय करावी म्हणून. बस, संपलो आम्ही.

खुर्ची मिळते हो. खुर्चीबद्दल माझी अजिबात तक्रार नाही, गेली दहाएक वर्षं कुठल्याही कार्यक्रमात सगळ्यात चांगली खुर्ची मलाच मिळते, पाठीला उशीसुद्धा आणून देतात. मग एकेक जण येतो, वाकून काहीतरी विचारतो, मी हसते, तो हसतो, फोटो निघतो, तो जातो, पुढचा येतो. त्याने काय विचारलं ते मला कळलेलं नसतं आणि मी काय उत्तर दिलं ते त्याने ऐकलेलं नसतं, त्यामुळे तसं फिट्टंफाट होतं म्हणा. पण तीन-साडेतीन तास हेच करून घरी आलं की गाल दुखतात, खोटं सांगत नाही.

तर मला कमी ऐकू येतं. वय चौऱ्याहत्तर. तीस वर्षं शाळेत मुलांना शुद्धलेखन घातलं, फळ्याकडे तोंड असताना शेवटच्या बाकावरचं पोरगं काय पुटपुटलं ते सांगायचे मी, आणि आता शेजारी बसलेल्या नातीचं वाक्य अर्धंच पोचतं माझ्यापर्यंत.

धाकट्या नातीच्या सहाव्या वाढदिवसाची गोष्ट सांगते, म्हणजे हे पत्र का लिहायला घेतलं ते कळेल. हॉल घेतला होता, माझी ती राजेशाही खुर्ची नेमकी स्पीकरच्या पुढ्यात, कारण तिथे म्हणे पंखा होता. गाणी चालू, पोरं किंचाळतायत, रंगीत दिवे गरागरा फिरतायत. ती गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली, गळ्यात हात टाकले आणि कानाशी काहीतरी बोलली. डोळे भरलेले होते तिचे, पण त्या दिव्यांत मला ते दिसलंच नाही. मी आपलं नेहमीचं, "अरे वा! छान छान!" तिने मान मागे घेऊन माझ्याकडे एकदा बघितलं, हात सोडले आणि गेली. रात्री सुनेकडून कळलं ती काय म्हणाली होती ते. "आजी, माझा फुगा फुटला."

त्यानंतर ती माझ्याशी बोलत होती, खेळत होती, रुसली वगैरे काही नाही. फक्त कानात सांगायच्या गोष्टी माझ्याकडे येईनाशा झाल्या. त्या आता आजोबांना सांगितल्या जात होत्या, आणि आजोबा घोरत असले की बाहुलीला.

कमी ऐकू येतं म्हटलं की लोकांना वाटतं टीव्हीचा व्हॉल्यूम कमी करावा तसं काहीतरी होत असेल. तसं नसतं हो ते. आवाज येतो, भरपूर येतो, शब्द येत नाहीत. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला माझा ऑडिओग्राम, म्हणजे कान तपासल्यावर निघणारा आलेख, दाखवला तेव्हा हे पहिल्यांदा नीट समजलं. कागदावर एक रेघ, डावीकडे, खालच्या पट्टीत, बरी सरळ चाललेली आणि उजवीकडे, वरच्या पट्टीत, घसरगुंडी. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो, त्यात आवाज पकडणाऱ्या केसाळ पेशी असतात, एका कानात साधारण १५,०००, जन्माला येताना मिळतात तेवढ्याच, एकदा गेली की ती पेशी परत उगवत नाही. तरुण धडधाकट कान २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो (हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी मोजायचं माप) आणि वय होतं तसे वरच्या, म्हणजे बारीक पट्टीतले आवाज आधी जातात. आता आपलं बोलणं बघा. आ, ई, ऊ हे स्वर जोरकस, ते ऐकू येतात मला. पण स, श, फ ही मंडळी वरच्या पट्टीतली, त्यातला स तर ४,००० हर्ट्झच्याही वर, आणि मुळात आवाजाने नाजूक. म्हणजे 'फुगा फुटला' मधलं माझ्या वाट्याला 'उगा उटला' येतं, त्यावरून मी काय समजायचं? वर ते सहा वर्षांच्या पोरीच्या चिमणीसारख्या आवाजात. माझ्या दिरांचा आवाज खर्जातला, ते काय बोलतात ते मला त्या गोंगाटातसुद्धा बऱ्यापैकी कळतं, आणि नेमकं त्यांचं बोलणं तेवढं ऐकण्यासारखं नसतं. (हे वाक्य कापू नका, ते तुमचा पेपर रोज वाचतात.)

घरात यावरून विनोद भरपूर होतात. नातवाने सांगितलं "आजी, गाडी आली", मी म्हणलं, "दाढी केली? कुणी, तू?" त्याला नुकते चार केस फुटलेत, लालेलाल झाला बिचारा. लेकाने सांगितलं सकाळी सहाला निघायचं, मी ऐकलं दहाला, सगळे खाली गाडीत बसून हॉर्न मारतायत आणि मी निवांत अंघोळीला. शेजारणीचा कुत्रा आठ दिवस सांभाळायचं मी हसत हसत कबूल केलं होतं म्हणे, तो दारात येऊन उभा राहिल्यावर मला कळलं. ऐकू आलं नाही की परत विचारायची लाज वाटते, मग माणूस अंदाजाने "हो हो" म्हणायला लागतो, आणि एकदा का त्या हो हो ची सवय लागली की घरचेही फसतात, त्यांना वाटतं हिला सगळं कळतंय.

हे विनोद मी स्वतःच पाहुण्यांना रंगवून सांगते. पण एका गोष्टीचा मात्र मला मनापासून राग येतो.

रात्री सगळे एकत्र बसलेत, कुणीतरी काहीतरी बोलतं आणि सगळी खो खो हसतात. मी विचारते, काय झालं? आणि उत्तर येतं, "काही नाही गं, जाऊ दे." किंवा "नंतर सांगतो." नंतर कुणी सांगत नाही, मीही मग विचारत नाही. मला माहितीये परत सांगितलेल्या विनोदाला चव नसते, सांगणाऱ्याला कंटाळा येतो, तोपर्यंत बाकीचे तिसऱ्या विषयावर गेलेले असतात. सगळं मान्य. पण दहा सेकंदांचं काम असतं हो ते, आणि दिवसातून दहा-बारा वेळा जाऊ दे ऐकलं की माणूस हळूहळू आपल्या खोलीत जाऊन बसतो. मग घरचे म्हणतात आजकाल आई मिसळत नाही, वयामुळे असेल.

आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा मुलांनी मोठा कार्यक्रम केला. लेक माइकवर बोलला. हॉल उंच, सगळीकडे गुळगुळीत फरशा, आवाज घुमत होता, मला नुसतं एक मोठं हूं हूं ऐकू येत होतं. लोक माझ्याकडे बघत होते म्हणून मी हसत होते. तीन आठवड्यांनी नातवाने फोनवर त्याचा व्हिडिओ लावून दिला, खाली अक्षरं येतात तसा, कानात इअरफोन घालून. दुपारची घरात सामसूम, मी एकटी टेबलापाशी बसून बघितला. लेक म्हणत होता, लहानपणी मी दोन महिने आजारी होतो, आई रात्री झोपायची नाही, दिवसा शाळेत शिकवायला जायची, आणि मला वाटायचं आयांना झोप लागतच नसते. एवढं बोलून त्याचा आवाज गेला. हे, म्हणजे आमचे हे, जे कधी कशाला रडत नाहीत, ते रुमाल शोधतायत. आणि कॅमेरा फिरून माझ्यावर येतो तर मी दात काढून हसतेय.

उठून त्याच्या खोलीत गेले, तो लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होता. एक कान मोकळा करून म्हणाला, काय झालं आई?

मी म्हणलं, काही नाही, जाऊ दे.

आता माझीही चूक सांगते, नाहीतर घरचे म्हणतील स्वतःचं बरं झाकलं. कानाचं मशिन मला चार वर्षांपूर्वीच घेऊन दिलं होतं, त्यातली तीन वर्षं ते कपाटाच्या खणात पडून होतं. चष्म्याची कधी लाज वाटली नाही पण हे लावलं की आपण म्हाताऱ्या झालो असं वाटायचं (केस पांढरेशुभ्र होते तेव्हा, तरीही). पहिल्या दिवशी लावलं तर फ्रीज घरघरतोय, पेपरचं पान उलटलं की कडकड, माझ्याच चपला फटक फटक, म्हणलं हे घर एवढं वाजतं? काढून ठेवलं ते ठेवलंच. कुणी सांगितलं नव्हतं की चष्मा लावला की लगेच दिसतं तसं मशिनचं नसतं, मेंदू ते आवाज विसरलेला असतो, त्याला परत सवय व्हायला कित्येक आठवडे लागतात आणि तोवर रोज थोडा थोडा वेळ नेटाने लावावं लागतं. तरी पहिला धक्का २०२० मध्ये बसला होता. कोरोनात सगळ्यांनी मास्क लावले आणि मला एकदम कुणाचंच काही कळेना, तेव्हा समजलं की इतकी वर्षं मी निम्मं कानाने आणि निम्मं लोकांच्या ओठांवरून ऐकत होते. पण मशिन खणातून बाहेर आलं ते शेवटी डॉक्टरीणबाईंनी घाबरवलं म्हणून. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यांच्यावर काहीतरी उपाय करता येतो अशा १४ गोष्टींची यादी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ मध्ये दिली, त्यात कमी ऐकू येणंही आहे, असं त्यांनी सांगितलं आणि मी घरी येऊन निमूट मशिन लावलं.

आणि ही काही माझ्या एकटीची कहाणी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगात दीडशे कोटींहून जास्त लोकांना कमीजास्त ऐकायचा त्रास आहे, आणि साठीच्या पुढे तर चारातल्या एकापेक्षा जास्त लोकांना तो रोजचं अडेल इतका असतो. म्हणजे तुमच्या कार्यक्रमाला साठीपुढचे वीस जण आले असतील तर त्यातले निदान पाच जण नुसतेच हसतायत असं खुशाल समजा.

बरं, कळलं की लोक काय करतात, ओरडतात. "आजीईईई, कशीईई आहेस!" ओरडल्याने स्वर फुगतात, ते तर मला आधीच येत होते, व्यंजनं तिथल्या तिथेच राहतात, आणि ओरडणाऱ्याचं तोंड असं काही वाकडं होतं की ओठही वाचता येत नाहीत, शिवाय चारचौघांत कुणीतरी आपल्यावर खेकसतंय असं वाटतं ते वेगळंच. टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल, १८७६ सालचं पेटंट त्याचं, त्याच्या आईला फार कमी ऐकू यायचं. बाकीचे लोक तिच्या कानातल्या नळीत ओरडायचे आणि हा मुलगा तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या आवाजात, स्पष्ट बोलायचा, ते तिला कळायचं. त्याची बायकोही लहानपणीच्या तापात कान गेलेली. ज्या माणसाने जगाच्या कानाला फोन लावला त्याच्या घरातल्या दोन्ही बायकांना त्या फोनचा काही उपयोग नव्हता, हे वाचल्यापासून मला तो घरचाच वाटतो.

मशिन लावलं म्हणजे झालं असंही नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण मशिन लावल्यावर घरचे सुटल्यासारखे वागतात. शांत खोलीत ते छान चालतं. गर्दीत ते बोलणंही मोठं करतं आणि भांड्यांचा, खुर्च्यांचा, गाण्यांचा आवाजही मोठा करतं. नव्या मशिनांत समोरचा आवाज जास्त घ्यायची सोय असते, तरी मर्यादा आहेतच. दहा आवाजांतून आपल्याला हवा तो एक उचलायचं काम तरुण माणसाचे दोन कान आणि मेंदू मिळून बिनबोभाट करतात, १९५३ साली कॉलिन चेरी नावाच्या संशोधकाने यावर प्रयोग केले होते, त्या सगळ्या प्रकाराला कॉकटेल पार्टीचं नाव पडलंय. मी कधी गेले नाही कॉकटेल पार्टीला, पण वाढदिवसालाही तेच होतं.

त्या वाढदिवसाला माझ्या भाच्याने फोनवरच्या ॲपने माझ्या खुर्चीशी आवाज मोजला होता, ९७ डेसिबल दाखवत होतं. फोनचं माप काही फार पक्कं नसतं, तरी अंदाज येतो. साधं बोलणं ६० च्या आसपास असतं, आणि हे आकडे फसवे असतात, दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कार्यक्रमांच्या जागांसाठी जी मर्यादा सुचवली ती सरासरी १०० ची आहे, आणि ती मोठ्या जाहीर कार्यक्रमांसाठी, आम्ही सहा वर्षांच्या पोरांच्या वाढदिवसाला जवळजवळ तिथवर जाऊन पोचलो. माझ्या पेशी तर गेल्यातच हो, पण स्पीकरसमोर नाचणाऱ्या त्या पोरांच्या कानातही तेवढ्याच आहेत, त्यांच्याही परत उगवणार नाहीत. हे मी बोलले की मला जुन्या वळणाची म्हणतात.

तर संपादक महाशय, पुढच्या वेळी असं पान काढाल तेव्हा खुर्चीच्या ओळीत एवढं वाढवा. खुर्ची स्पीकरपासून लांब ठेवा आणि तिच्या पाठीशी भिंत येऊ द्या, म्हणजे मागून आवाज येत नाहीत. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पाहिजे, त्याच्या पाठीमागे खिडकी असली की आम्हाला नुसता काळा ठोकळा दिसतो. मेणबत्त्या विझवताना दिवे घालवा की, कोण नको म्हणतंय, पण मग परत लावा, अर्धा अर्धा तास अंधार कशाला. पाठीमागून हाक मारू नका, आधी हाताला हात लावा, मग समोर येऊन बोला, आणि कळलं नाही तर तेच वाक्य चढत्या आवाजात परत परत म्हणण्यापेक्षा दुसऱ्या शब्दांत सांगा, "सहाला" कळत नसेल तर "संध्याकाळी दिवेलागणीला" लगेच कळतं. आणि लोक येतात-भेटतात तो पहिला अर्धा तास गाणी बंद. तारीख हवी असेल तर ३ मार्चला जागतिक श्रवण दिन असतो, ३/३ हे दोन कानांसारखं दिसतं म्हणून तो दिवस निवडलाय, देवनागरीतसुद्धा दिसतं बरं का, लिहून बघा.

यंदा सुनेने हे सगळं केलं. मी काही बोलले नव्हते, तो व्हिडिओ तिनेही बघितला होता बहुतेक. पहिला अर्धा तास गाणी नव्हती आणि एकाही पोराच्या ते लक्षात आलं नाही, ती आपली पळत होती. धाकटी सात वर्षांची झाली. ती आली आणि गळ्यात पडली, तर माझं मशिन कुईं करून वाजलं. कानाला काही अगदी चिकटलं की मशिनमधला आवाज उलटा फिरून शिट्टी वाजते तशी. ती दचकून मागे झाली, मग परत मुद्दाम चिकटली, परत कुईं. "आजी वाजते!" म्हणून ओरडली आणि पुढची दहा मिनिटं सगळी पोरं रांग लावून मला वाजवून जात होती. असा मान मला आजवर कुठल्या खुर्चीत मिळाला नव्हता.

रांग संपल्यावर ती परत आली. यावेळी कानाकडे नाही गेली. समोर उभी राहिली, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि एकेक शब्द सावकाश सांगितला. सगळा कळला. काय सांगितलं ते लिहिणार नाही, तिने कुणाला सांगू नको म्हणून बजावलंय.

आपली,
एक आजी

ता. क. पत्र छापण्याआधी तुमच्याकडून खात्री करायला फोन येतो असं ऐकलंय. कृपया फोन करू नका, मेसेज करा. फोनवर तुम्ही काहीही विचारलंत तरी मी हो हो म्हणेन.